पोट टम्म, तरी जेवल्यासारखं वाटत नाही

प्रश्न : माझं वय ४४, उंची ५ फूट १ इंच, वजन ६३ किलो. देवगड तालुक्यात एसटी स्टँडजवळ आमचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. सकाळी साडेसातला चहा आणि पाच-सहा बिस्किटं, मग थेट दुपारी सव्वादोनला डबा. दोन पुडे भात, एक पुडा आमटी किंवा माशाची कढी, बाटलीत सोलकढी. तुकड्या मुलांना आणि यजमानांना जातात, मला कढी पुरते. गल्ल्यावर बसूनच जेवते, गिऱ्हाईक बघत बघत आठ-दहा मिनिटांत डबा संपतो. पोट टम्म होतं, तडस लागते, पण जेवल्यासारखं वाटत नाही. पाच वाजता परत खा-खा सुटते. रात्री साडेनऊला जेवते, तरी अकराला फरसाणाच्या नाहीतर खाजाच्या डब्याकडे हात जातो. झोपायला बारा वाजतात, उठते साडेपाचला. गेल्या वर्षी घरच्या लग्नाआधी पंधरा दिवस नुसत्या सूपवर राहून चार किलो कमी केले, गणपती होईपर्यंत पाच परत आले. सासूबाई म्हणतात, “तुजी पोटाची पिशी सैल झाली हा.” मुंबईची वहिनी म्हणते, भूक मारायचं ते इंजेक्शन घे. मोबाइलवर येतं, जेवणाआधी दोन ग्लास पाणी प्या. शुगर कधी तपासलेली नाही. माझं मनच कमकुवत आहे का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, तडस लागणं आणि जेवल्यासारखं वाटणं या दोन गोष्टी तुम्ही पत्रात वेगवेगळ्या लिहिल्यात. शरीरातही त्या वेगळ्याच आहेत. तडस लागल्याची खबर जठराच्या भिंतीकडून जाते. जेवल्याचं समाधान बरंचसं आतड्यातून, थोडं रक्तातून आणि थोडं आठवणीतून येतं. दोन्हींच्या वाटा वेगळ्या, वेगही वेगळे. तुमचा डबा पहिली खबर जोरात पाठवतो आणि दुसरीसाठी त्याच्यात फारसं काही उरत नाही. मनाचं मग बघू, आधी डबा उघडू.

दोन पुडे भात म्हणजे जरा दाबून भरला तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात. त्यातून ६०० कॅलरीपर्यंत ऊर्जा मिळते, प्रथिनं मात्र ११-१२ ग्रॅम. कढीत नारळाचं वाटप आहे, कोकम आहे, तिरफळं आहेत, मासा वासापुरता. सोलकढीत नारळाचं दूध, म्हणजे पुन्हा स्निग्धांश. चावावं असं या डब्यात काही नाही. मऊ भात कढीत कालवला की तो जिभेवरून सरळ घशात जातो, आणि आठ मिनिटांत जवळपास किलोभर ऐवज आत गेलेला असतो.

आता आत काय होतं ते बघा. रिकामं जठर आवळून असतं, आत अर्धी वाटी मावेल इतकीच पोकळी. घास उतरायला लागले की त्याचा वरचा भाग आपोआप सैल पडतो आणि जागा करून देतो. लिटर-सव्वा लिटरपर्यंत ते सहज ताणतं. या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती खबर व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि काही सेकंदांत पोचते. पण या टोकांना फक्त आकारमान कळतं. आत भात आहे, पाणी आहे की नुसती हवा, हे त्यांना सांगता येत नाही. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न या विद्यार्थ्याने रबरी फुगा गिळून जठराचं आकुंचन मोजलं होतं. पोटात कावळे ओरडतात तेव्हा जठर खरंच आवळतं हे त्यातून दिसलं, आणि पुढे बरीच वर्षं भूक जठरातच असते असं मानलं गेलं. पण आजारापायी अख्खं जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. म्हणजे भुकेचा कारभार आणखी कुठून तरी चालतो.

तो चालतो पुढच्या टप्प्यापासून. जठरातला लगदा थोडा थोडा लहान आतड्यात सुटायला लागला की आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्याची चव घेतल्यासारखी परीक्षा करतात. प्रथिनं किंवा स्निग्धांश सापडला की त्या कोलेसिस्टोकायनिन, थोडक्यात सीसीके, हे संप्रेरक सोडतात. ते जठराचं खालचं दार आवळतं, अन्न जास्त वेळ वर ठेवतं आणि व्हेगसची टोकं अधिक हळवी करतं. मग तेवढ्याच ताणाला मेंदू जास्त मान देतो. सीसीके दिल्यावर उंदीर कमी खातात हे १९७३ साली दाखवलं गेलं. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं येतात, त्यांचा जोर पंधरा मिनिटांपासून पुढे तास-दीड तास चढत जातो. “आता पुरे” हा निरोप मुख्यतः यांच्याकडचा. तुमचा डबा तोवर धुऊन झालेला असतो.

म्हणून काट्याचा मासा हा कोकणातला एक न ओळखलेला उपाय आहे. पेडवे, तारली किंवा करली ताटात असली की कोणी आठ मिनिटांत जेवू शकत नाही. बोटांनी चाचपायचं, काटा काढायचा, ताटाच्या कडेला लावायचा, मग घास. वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, घास लहान होतात आणि प्रत्येक घासात प्रथिन असतं. त्याच माशाची कढी भातावर ओतली तर यातलं काहीच उरत नाही.

पाचच्या खा-खाचा उलगडा यातच आहे. पांढरा भात भरपूर, सोबत प्रथिन आणि चोथा कमी, अशा जेवणानंतर रक्तातली साखर पाऊण-एक तासात वर जाते. इन्सुलिन तिला खाली आणतं आणि कित्येकांत ती दोन ते चार तासांच्या दरम्यान जेवणाआधीच्या पातळीखाली थोडी घसरते. २०२१ साली हजाराहून जास्त लोकांच्या अंगावर साखर मोजणारी यंत्रं लावून केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांची घसरण मोठी त्यांना भूक लवकर लागली आणि त्यांनी दिवसभरात खाल्लंही जास्त. ही घसरण आजार नव्हे, साखर धोक्याइतकी खाली जात नाही. पण सव्वादोनचं जेवण आणि पाचची भूक यांचा हिशेब जुळतो.

भुकेचं स्वतःचं घड्याळही असतं. रिकाम्या जठरातून घ्रेलिन सुटतं. जपानमध्ये १९९९ साली शोधलेलं हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या भुकेच्या पेशी चेतवतं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि, गंमत अशी, त्या वेळी काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. आपण ज्याला “भूक मेली” म्हणतो ते हेच. दुकानात साडेदहा-अकराला तुम्हाला कडकडून लागते आणि बाराला काहीच वाटत नाही, असं होत असेल. मेलेली ती भूक भागलेली नसते, पुढच्या लाटेला जोर घेऊन येते. शिवाय झोप-जेवण बाजूला ठेवून नुसतं शरीराचं घड्याळ तपासलं तर भुकेची ओढ सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. सकाळी बिस्किटांवर भागतं आणि रात्री भागत नाही, याचा काही हिस्सा निव्वळ या घड्याळाचा आहे.

त्यात साडेपाच तासांची झोप. शिकागोतल्या एका प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वर गेलं आणि भूक आवरणारं लेप्टिन १८ टक्के खाली आलं. लोकांना ओढ लागली ती गोडाची, खारटाची आणि पिष्टमय पदार्थांची. पालेभाजी खायची इच्छा झाली असं कोणी फारसं सांगितलं नाही!

लेप्टिनचं नाव आलं म्हणून सूपच्या पंधरा दिवसांकडे वळते. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याचं जनुक शोधलं. साठा किती आहे याची ती मेंदूला रोज जाणारी चिठ्ठी. चरबी जास्त असलेल्यांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू ती चिठ्ठी नीट वाचेनासा होतो. उलट उपास सुरू केला की लेप्टिन चरबीपेक्षा कितीतरी वेगाने खाली येतं. चार किलो कमी व्हायच्या आधीच “दुष्काळ पडला” असा निरोप गेलेला असतो. ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवून पाहिलं. वर्ष उलटल्यावरही त्यांचं घ्रेलिन चढलेलं, लेप्टिन-पीवायवाय उतरलेलं आणि भूक आधीपेक्षा जास्त होती. तुमचे पाच किलो परत येणं हा तुमचा पराभव समजू नका. शरीर नेमून दिलेलं काम करत होतं. आणि सूपच्या त्या पंधरा दिवसांत प्रथिन जवळजवळ नव्हतं, म्हणजे गेलेल्या वजनात स्नायूही होते. तसलं परत करू नका, कोणाचंही लग्न असो.

आता गल्ला. तृप्तीत आठवणीचा वाटा किती, हे ज्यांची ताजी आठवण टिकत नाही अशा रुग्णांमध्ये दिसलं. १९९८ साली छापून आलेल्या एका निरीक्षणात अशा रुग्णांना पोटभर जेवल्यानंतर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट दिलं, आणि ते पुन्हा जेवले. पोट भरलेलंच होतं. जेवलोय याची नोंद नव्हती. एका हाताने वह्यांचे पैसे घेत दुसऱ्या हाताने घास घेतला की आपलीही नोंद अर्धवट होते. टीव्ही बघत किंवा कॉम्प्युटरवर खेळत जेवणारे नंतर बिस्किटं जास्त खातात, हेही तपासून झालेलं आहे.

आता काय करायचं. सगळं एकदम बदलू नका. डब्यापासून सुरुवात करा, कारण तिथे चूक सर्वांत मोठी आहे आणि दुरुस्ती सर्वांत सोपी.

भाताचे पुडे दोनाचा एक करा, साधारण सव्वादोनशे ग्रॅम. दीड वाटी दाबून भरलेला. उकड्या तांदळाचा असेल तर उत्तम, तो पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचतो. रिकाम्या झालेल्या पुड्यात जे जाईल त्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिन यायला हवं. मध्यम बांगडा डोकं, काटे वजा जाता ८०-९० ग्रॅम खाण्याजोगा निघतो आणि त्यातून १६-१७ ग्रॅम मिळतं. म्हणजे एक बांगडा आणि अर्धी वाटी उसळ. मासा नसलेल्या वारी काळ्या वाटाण्याची किंवा चवळीची शिजलेली वाटीभर उसळ ८ ग्रॅमच्या आसपास देते. तिच्या दोन वाट्या आणि एक उकडलेलं अंडं, अंडं चालत नसेल तर मोठी वाटी दही. कुळथाच्या पिठीवर मात्र विसंबू नका. कुळीथ प्रथिनांनी भरलेला आहे खरा, पण माणशी दोन चमचे पीठ पडतं, म्हणजे पाच ग्रॅम प्रथिन. पिठी-भात खाऊन “कुळीथ खाल्ला” म्हणणं म्हणजे कढीला मासा म्हणण्यासारखंच.

तिसऱ्या पुड्यात भाजी: फणसाची कुयरी, दोडकी, पडवळ, लाल माठ, जे परसात असेल ते, वाटीभर. खोबरं वरून भुरभुरवायचं, वाटून ओतायचं नाही. खोबऱ्यावर आमचा राग नाही. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५० कॅलरी असतात आणि स्निग्धांश सीसीके सोडत असला तरी तेवढ्या कॅलरींच्या मानाने तो पोट कमीच धरून ठेवतो. सिडनी विद्यापीठात १९९५ साली ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरी मापून लोकांना खायला दिले आणि दोन तास भूक नोंदवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३, माशाला २२५ आणि लोण्याने भरलेल्या क्रोसाँ या फ्रेंच पावाला ४७ मिळाले. पाणी, चोथा आणि प्रथिन जास्त असलेले पदार्थ वर, तूपकट-गोड खाली.

खायचा क्रम बदला: आधी उसळ आणि मासा, मग भाजी, शेवटी भात-कढी. हा क्रम पाळला की त्याच जेवणानंतर साखर कमी चढते, म्हणून नंतरची घसरणही कमी. सुरुवातीला विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे बाकीचं सगळं भाताला तोंडी लावायचं. भात आला की हात चालू लागतो, तेव्हा निदान पहिली सात-आठ मिनिटं त्याचा पुडा बंदच ठेवा. डबा संपायला वीस मिनिटं लागली पाहिजेत. दुकानाचं अर्धं फळकूट लावा किंवा शेजारच्याला सांगा. सव्वादोनला गिऱ्हाईक तसंही तुरळक असतं. गल्ल्याकडे पाठ करून बसलात तरी फरक पडेल.

आणि तुकड्या. हे सदर आहाराचं आहे, घरातल्या वाटणीचं नाही, पण इथे दोन्हींची गाठ पडते म्हणून लिहिणं भाग आहे. तुमच्या डब्यातला सगळ्यात मोठा दोष भाताचा नाही, न येणाऱ्या तुकडीचा आहे. पापलेट, सुरमई सगळ्यांना पुरेल इतकी परवडत नाही हे कबूल. पण बांगडा, तारली, पेडवे स्वस्त असतात आणि प्रथिनाला सुरमईपेक्षा उणे नाहीत. स्वतःसाठी एक जास्तीचा घेतला की वाटणीचा प्रश्नच मिटतो.

मग सकाळ. बिस्किटं बंद करा म्हटलं तरी एकदम होणार नाही, दोनवर आणा. त्यांचं खरं नुकसान असं की मैदा, साखर, तेल तोंडात लगेच विरघळतं आणि खाण्याचा वेग वाढतो. अमेरिकेत २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं अन्न हवं तितकं खायला दिलं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, चोथा, प्रथिन सारखं ठेवलं होतं. तरी तयार अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि खाण्याचा वेगही जास्त होता. फरसाणालाही हेच लागू.

बिस्किटांच्या जागी जुनी सोय आहेच: दहाची पेज. दोन मुठी उकडे तांदूळ, भरपूर पाणी, मीठ. शितं अख्खी राहिली पाहिजेत, मिक्सरमधून काढू नका. सोबत वाटीभर चवळी नाहीतर अंडं. पाणी अन्नात शिजलेलं असलं की ते अन्नाबरोबर जठरात थांबतं. तेच पाणी ग्लासातून प्यालं तर अन्नाच्या बाजूने वाट काढून पुढे निघून जातं. पेन्सिल्व्हानियात १९९९ साली कोंबडी, भात आणि भाज्यांचं एकच मिश्रण तीन प्रकारे देऊन पाहिलं: नुसतं, सोबत ग्लासभर पाणी, आणि तेवढंच पाणी घालून सूप. सूप खाणाऱ्या बायकांनी पुढचं जेवण सुमारे १०० कॅलरींनी कमी घेतलं. ग्लासभर पाण्याने काही झालं नाही. पेजेचा थर्मास दुकानात नेता येतो. तेव्हा दोन ग्लास पाण्याचं उत्तरही यातच मिळालं: प्यायला हरकत नाही, तहान भुकेसारखी भासते तेव्हा उपयोगही होतो, पण पाणी अर्ध्या-पाऊण तासात जठरातून गेलेलं असतं आणि घ्रेलिन त्याने खाली येत नाही.

पाच वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे आणि चहा घ्या. त्या वेळी दात-ओठ खाऊन उपाशी राहिलात तर तो हिशेब रात्री साडेनऊला चुकता होतो. रात्रीचं जेवण निदान साडेआठला आणता आलं तर बघा. दुकान आठला बंद होत असेल तर आमटी-भाजी सकाळीच करून ठेवावी लागेल, दुसरा मार्ग दिसत नाही. अकराच्या फरसाणामागे आणखी एक गोष्ट असते. एका चवीने मन भरलं तरी दुसऱ्या चवीसाठी जागा असते. गणपतीत जेवण नको झालेला माणूस उकडीचे तीन मोदक तुपाबरोबर खातो ते यामुळेच. आंबट-तिखट जेवणानंतर गोड-कुरकुरीत हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. डबा पुढ्यात ठेवू नका. खाजाचे दोन-तीन तुकडे वाटीत काढा, डबा वरच्या फळीवर ठेवा, जेवणाला लागूनच खा आणि चूळ भरा.

फरक किती दिवसांत? साखरेची घसरण पहिल्याच दिवशी कमी होते, त्यामुळे पाचची भूक तीन-चार दिवसांत सौम्य वाटायला हवी. रोजच्या वेळेची घ्रेलिनची लाट नव्या वेळेला वळायला एक-दोन आठवडे लागतील. पहिल्या आठवड्यात एका पुड्याचा भात अपुरा वाटेल, कारण ताणाची सवय झालेली आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. पिशवी कायमची सैल होत नाही, रिकामी झाली की आवळते. पण रोज भरपूर ताण दिला तर जास्त ताण सोसायची सवय लागते, आणि खाणं कमी केलं तर ती मोडते. चार आठवडे कमी खाल्लेल्यांच्या जठरात फुगा फुगवून मोजलं तेव्हा सोसण्याचं माप पाव हिश्श्याहून जास्त उतरलेलं होतं. महिनाभराचा अवधी द्या.

इंजेक्शनाबद्दल स्पष्ट सांगते. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड हे त्याच घडणीचं औषध आठवडाभर टिकतं आणि मेंदूला सतत “पोट भरलंय” सांगत राहतं. काम करतं, यात शंका नाही. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ नेहमीचे. पित्ताशयात खडे आणि स्वादुपिंडाची सूज क्वचित, पण गंभीर. थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा घराण्यात इतिहास असेल तर ते देत नाहीत. वजनासाठी ते बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर देतात. तुमचा बीएमआय २६ आहे. वहिनींना डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांचं कारण वेगळं असणार. त्यांच्या पेनमधला डोस तुम्ही घेऊ नका.

मात्र २६ हा आकडा भारतीय बांध्याला निश्चिंत राहण्याजोगा नाही, आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन धरतात. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेली असेल तर नोंद घ्या. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा करून घ्या. साखरेची तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. भूक वाढूनही वजन उतरत असेल, सोबत तहान आणि लघवी वाढली असेल, किंवा भुकेबरोबर हात थरथरणं, धडधड असेल, तर थांबू नका. थोड्याशा खाण्याने पोट भरणं, वजन घटणं, काळी शी ही उलट्या बाजूची लक्षणं, तीही लगेच दाखवायची. स्टेरॉइड आणि मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी भूक वाढते. चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका. हे वाचून आणखी कोणी भात कमी करणार असेल आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डोस बदलून घ्यावा, नाहीतर साखर खरोखरीच खाली जाईल. आणि रात्रीचं खाणं लपून, थांबवता न येणारं, नंतर स्वतःची किळस वाटणारं असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

राहता राहिला पावसाळा. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असतात, मग श्रावण, आणि त्या दोन-तीन महिन्यांत डबा पुन्हा भात-आमटीवर येतो. श्रावण लागेपर्यंत सुका बांगडा आणि सुकट वापरा, पण मीठ काढून: बांगड्याचे तुकडे करून कढत पाण्यात अर्धा तास, पाणी फेकून परत दहा मिनिटं, मग भाजणं किंवा सुकं. रक्तदाब असलेल्या घरच्यांना तो देऊच नका. श्रावणात काळे वाटाणे दोन दिवस आधीच भिजत घाला. पावसाळी हवेत मोड यायला चोवीस तासांच्या वर लागतात आणि घाईने शिजवलेले कडकच राहतात, मग पुन्हा सगळा डबा कढीवरच संपतो.